ग्रहणात तुटलेला कान

माझा डावा कान म्हणजे चिंचोक्याएवढा मांसाचा गोळा, त्याला भोकच नाही. सत्तरच्या सुमाराला मुळशीतल्या आमच्या वाडीत मी जन्मले, आणि आजीनं तिथंच निकाल दिला: सुनेनं ग्रहणात विळी हातात धरली. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं की पोराचा कान नाहीतर ओठ तुटतो, हे सगळ्यांना पाठ. आई आधी नाहीच म्हणत होती. आजीनं पिच्छा सोडला नाही, तेव्हा कंटाळून म्हणाली, "चिरलं आसंल वांगं." झालं, तेवढ्यावर जन्माची शिक्षा. वाडीतल्या एकाही डोहाळजेवणात तिला कुणी ओटी भरू दिली नाही.

शाळेत वाऱ्यानं केस उडाले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आईचीही लाज वाटायची. एवढं एक वांगं थांबत नव्हतं का हिचं?

दहावीनंतर वडिलांनी आम्हाला पुण्याच्या इस्पितळात नेलं. भोक पाडलं तर ऐकू येईल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यांनी कान उघडला आणि काही न करता परत शिवला. अर्धं डोकं भादरलेली मी खाटेवर, आणि शिकाऊ डॉक्टर पोरं माझ्यावर वाकलेली. लाजेनं जीव नकोसा झाला. डॉक्टर त्यांना सांगत होते, चेहरा हलवणारी नस हिच्यात नेहमीच्या वाटेनं गेलेलीच नाही. आवाज आत जायची जी बारीक खिडकी असते, नेमकी तिच्यावर ती आडवी पडलीय. धक्का लागला असता तर पोरीचं तोंड वाकडं झालं असतं.

आईनं विचारलं, "हे कशानं झालं वं, डाक्टर?"

"पोटातच. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कान घडतो, तेव्हाच चुकलं."

"गिऱ्हाण तर सातव्यात लागलं व्हतं."

"ग्रहणाचा काही संबंध नाही, बाई."

आई तशीच बाहेर गेली आणि बाकावर बसलेल्या वडिलांना हाताला धरून आत घेऊन आली. चारचौघांत तिनं नवऱ्याचा हात धरलेला मी कधी बघितला नव्हता. डॉक्टरांना तिनं सगळं पुन्हा सांगायला लावलं.

"ऐकलं ना तुमी? मी काय बी चिरलं नव्हतं."

वडिलांनी मान डोलावली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर हळूच म्हणाले, "खरं हाय तुजं. पण घरी बोलू नगं. म्हातारीला वाईट वाटंल."

मला त्यांच्याकडे बघवेना, इतकी त्यांची लाज वाटली.

आई "बरं" म्हणाली.