पंधरा ठिपक्यांपर्यंतच

माझ्या नवऱ्याने सहा वर्षं रविवार घालवून ठिपक्यांच्या रांगोळीचं सॉफ्टवेअर लिहिलं. ठिपके मांडा, रेषा जोडा, रंग भरा, छापून घ्या. सगळं मराठीत, इंटरनेटशिवाय चालणारं आणि मुक्त. म्हणजे ज्याला हवं त्याने घ्यावं, बदलावं, वाटावं. इंटरनेटवर ते कधीपासून पडून होतं. वापरत मात्र मी एकटीच होते, तेही त्याला वाईट वाटू नये म्हणून. गेल्या दिवाळीआधी तो म्हणाला, "ओळखीबाहेरच्या एका तरी माणसाने वापरलं तर पुढे करीन. नाहीतर बंद." हे तो चहा ढवळत अगदी शांतपणे म्हणाला.

रांगोळीची पुस्तकं घेणाऱ्या बायका पुस्तकांच्या दुकानात जातात, मग हेही तिथेच हवं, असं मी ठरवलं. पेनड्राइव्हमध्ये सॉफ्टवेअर भरलं, सोबत छोटी माहितीपुस्तिका ठेवली, दहा पाकिटं केली. किंमत फक्त पेनड्राइव्हची.

जुईनगरच्या आमच्या नेहमीच्या दुकानदाराने पाकीट उलटंसुलटं केलं. "शाळेच्या यादीत आहे का?" नाही म्हटल्यावर त्याने ते माझ्याकडे सरकवलं. दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी मागचं 'कॉपी करा, इतरांना द्या' हे वाक्य वाचलं आणि आवाज खाली आणला. "पायरेटेड आहे का? आम्हाला नको टेन्शन." मी मुक्त म्हणजे काय ते समजावलं. "मग एकजण नेणार आणि अख्खी सोसायटी कॉपी मारणार. आम्ही काय करायचं?" तेच तर हवंय हो, असं ओरडावंसं वाटलं. रस्त्यावर आल्यावर मी ते फोन करून नवऱ्यावर ओरडले. त्याचा काय दोष होता कोण जाणे.

शेवटी करावे गावातला एक दुकानदार तयार झाला. तिथलाच माणूस, जिभेने तिखट. "ताई, फुकटचा हाय म्हनजे लोकांना वाटंल काय तरी गडबड हाय. ठेवा, पन जागा मागू नका." त्याने पाकिटं कंपासपेट्यांच्या मागे ठेवली. मी दर दोन दिवसांनी वही घ्यायच्या निमित्ताने जायचे आणि ती पुढे ओढायचे. पुढच्या वेळी ती पुन्हा मागे. घरात वह्यांचा ढीग झाला.

भाऊबीजेनंतर त्याचा फोन आला. "ताई, तुमचा माल घेऊन जावा. कंप्लेंट आली. एकच खपला नि तोपन परत."

मी तणतणत गेले. करंजाड्याला दिलेली गावातली एक मुलगी भाऊबीजेला माहेरी आली होती. दिवाळीआधी एकदा येऊन गेली तेव्हा तिनेच पाकीट नेलं होतं. आता ते परत देऊन, पैसे घेऊन गेली होती आणि वहीच्या कागदावर लिहून गेली होती: 'पंधराच्या वर ठिपके घेतले की बंद पडतं. आमच्या अंगणात एकवीसची काढतात.'

घरी आल्यावर मी तो कागद नवऱ्यासमोर आपटला. "घे. झालं समाधान?"

त्याने तो वाचला, पुन्हा वाचला. "पंधरा मीच ठेवले होते," तो हळूच म्हणाला. "आपल्या दारापुढे तेवढेच बसतात ना." खरंच होतं. आमच्या दारापुढे लिफ्ट, शेजाऱ्यांचा चपलांचा स्टँड, आणि मध्ये काय ती जागा. जगात कुणाला अंगण असेल, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. "अगं, पण तिने एकवीस करून पाहिले," तो म्हणाला आणि लॅपटॉप उघडून बसला. जेवायलाही उठेना. मला राग आला होता, आणि आनंदही झाला होता, आणि त्या आनंदाचाही राग आला होता.

आठवड्याने एकवीस ठिपके चालू लागले. पण तिला कळवणार कसं? कागदावर नाव नाही, नंबर नाही. तिचा पत्ता एकच, ते दुकान. मला बघताच दुकानदाराने हात जोडले. "ताई, परत?"

"एकच आहे," मी म्हटलं. "विकायचं नाही. ती माहेरी आली की तिला द्यायचं."

"कदी यील ती, काय भरोसा?"

"येईल तेव्हा."

त्याने पाकीट घेतलं आणि कंपासपेट्यांच्या मागे ठेवलं. मी काउंटरवरून हात घातला आणि ते पुढे ओढलं.