गल्लीचं फाटक

त्या दिवशी सकाळी मी आणि बायकोनं गच्चीवर कुरडया घातल्या. सोऱ्या मी दाबत होतो, ती गोल फिरवत होती. "हळू दाबा, बैल हाकताय का?" म्हणाली. दुपारी छातीत दाटतंय म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही.

मी कमी शिकलेला माणूस. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मास्तरांनी पेढे वाटले, आता सगळे एक म्हणाले. पुढं भाषेवरून राज्यं पाडली. सोयरे महाराष्ट्रात गेले, आम्ही हैदराबादेत राहिलो. इथले लोक बाहेरचे म्हणायचे, तेही सोसलं. मग दंगल झाली आणि अंबरपेठेत आमच्या गल्लीच्या मधोमध लोखंडी फाटक बसलं. इकडे आम्ही, तिकडे मुसलमान. आबिड्सच्या दुकानांत परदेशी माल येऊ लागला होता. त्याला कुणी अडवत नव्हतं.

फाटकापलीकडं म्हातारी सुईण राहायची, तिला सगळे बी म्हणायचे. माझ्या पोरी तिच्याच हातावर जन्मल्या. ही गेल्याचं कळलं तशी ती गजांशी येऊन उभी राहिली. "भाई, एक बार मुँह देखने देव."

जुन्या शहरात आदल्या दिवशी दगडफेक झाली होती. त्यामुळं फाटकाला कुलूप, मोठ्या रस्त्यावर पोलीस, तिकडून वळसा घालूनही कुणाला येऊ देत नव्हते. किल्ली गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षाकडं. मी त्याच्या दारात गेलो.

"काका, आज उघडलं आणि काही झालं तर लोक मला धरतील."

"म्हातारी बाई आहे ती. तोंड बघून जाईल."

"मला कळतं हो. लोकांना कोण सांगणार?"

लोक म्हणजे कोण, विचारलं. त्यानं किल्ली खिशात टाकली. तेवढ्यात खांदेकऱ्यांनी हाक मारली, उशीर होतोय म्हणाले. तिरडी गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं नेली. बी गजांशी उभीच होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस हटले. मी चपला घातल्या तर थोरली आडवी आली. "बाबा, सुतकात कुणाच्या घरी जात नसतात. लोक आपल्याकडं येतात."

"ज्यांना येऊ दिलं नाही त्यांचं काय?"

मोठ्या रस्त्यानं वळसा घालून गेलो. बीनं दार उघडलं. "तुम कायकू आए भाई? हम आना था."

आत गेलो नाही. उंबऱ्याबाहेर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. हिरवी साडी नेसवली होती. मळवट भरला होता. डोळे मिटलेले होते, ओठ जरा उघडे राहिले होते. बोटांना कुरडईचा चीक वाळून चिकटला होता, तो पोरींनी ओल्या फडक्यानं पुसला.