पडायला लागलेला वेळ

दादा पडला तेव्हा मी वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवत होते, असं आमचे नातेवाईक सांगतात. पहिल्यांदा कोणी सांगितलं माहीत नाही, पण आता तेच चालतं. खरं म्हणजे तो रविवार होता आणि मी मुलुंडला घरी कणीक मळत होते. फोन वहिनीचा होता. पिठाच्या हाताने मी तो स्पीकरवर टाकला. ती एवढंच म्हणाली, "ताई, हे पडले."

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दादा एसी बसवायचा. बोरिवलीच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर बाहेरचं युनिट लावायला तो खिडकीतून छज्ज्यावर उतरला होता. वरून रंग दिलेला छज्जा आतून सडला होता. सेफ्टी बेल्ट पिशवीतच राहिला, कारण काम छोटं होतं. खाली पार्किंगचे पत्रे होते, त्यांवर तो आदळला आणि पत्रे घेऊन जमिनीवर आला. पत्र्यांमुळे वाचला, असं हॉस्पिटलात जो तो म्हणत होता. पुढे आम्ही तो शब्द वापरेनासे झालो.

मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. "हात चांगले आहेत," ते म्हणाले. "छातीच्या खालचं काही परत येईल असं मला वाटत नाही. तुम्हाला खोटं सांगून काय करू?" दादाने मान हलवली, जणू कुणा दुसऱ्याच्या मशीनबद्दल ऐकत होता.

दहिसरला चाळीत तळमजल्यावर त्यांची खोली. दोघंच राहायचे, मूलबाळ नव्हतं. वहिनी मरोळला औषधांच्या पॅकिंगला जायची आणि ती नोकरी सोडणं शक्य नव्हतं. माझी लेक्चर्स सकाळची. म्हणून दुपारी शेजारच्या मावशींकडून मी दादाला ताब्यात घ्यायचे आणि वहिनी येईपर्यंत थांबायचे. अशा दुपारी आम्ही जेवढं बोललो तेवढं लहानपणीही बोललो नसू. शाळेत त्याला माझ्या विषयाचा कंटाळा होता. आता छताकडे बघत पडून राहायचं, तर तो प्रश्न विचारायचा.

पहिला प्रश्न मला आठवतो. "तिसऱ्या मजल्यावरून माणूस खाली यायला किती वेळ लागतो गं?"

मला वाटलं टाळावं. तो म्हणाला, "तू पोरांना शिकवतेस ना? मग मला सांगायला काय झालं?"

मी मनात हिशोब केला. दहा मीटर धरले. "दीड सेकंद. त्याहून थोडा कमीच."

त्याने मनात मोजून पाहिलं. मग म्हणाला, "खोटं आहे."

"दादा, हे असंच असतं. कोणीही पडलं तरी."

"मी पडलोय ना, तू नाही. ऐक. दुसऱ्या मजल्यावर ग्रिलमध्ये पिवळा परकर वाळत होता. त्याच्या खालच्या खिडकीत एक माणूस दाढी करत होता, त्याने माझ्याकडे बघितलं. तोंडाला फेस होता त्याच्या. माझ्या हातात पाना होता. मला वाटलं, सोडू नको, खाली कोणाच्या डोक्यात बसेल. मग आई आठवली. मग वाटलं, तुझ्या वहिनीला कोण सांगणार? हे सगळं दीड सेकंदात? येडी झालीस काय?"

मी त्याला समजावलं. जीव धोक्यात असला की मेंदू बारीकसारीक सगळं पकडून ठेवतो, म्हणून मागाहून आठवताना तो वेळ लांबलचक वाटतो. घड्याळ मात्र हळू होत नाही. हे बोलताना माझा आवाज वर्गातला झाला होता, ते मलाही ऐकू येत होतं.

"मग घड्याळ चुकतंय," तो म्हणाला आणि त्याने मान भिंतीकडे केली. हात सोडले तर वळवता येईल असं तेवढंच उरलं होतं.

वहिनीने हे दारातून ऐकलं होतं. मी निघाले तेव्हा ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली. "ताई, दीड सेकंद म्हणजे केवढं हो?"

"तुम्ही आत्ता हे विचारलंत ना, तेवढंच."

"म्हणजे घाबरायलासुद्धा वेळ नसेल मिळाला त्यांना."

मला परकर आठवला, फेस आठवला, आई आठवली. "नसेल," मी म्हणाले. तिने पदराने तोंड पुसलं. तिचा चेहरा जरासा मोकळा झाला. एकाच खोलीत एकाला तो वेळ मोठा हवा होता, दुसरीला छोटा. दोघांनाही आपापलं खरं हवं होतं आणि आकडा माझ्याकडे होता. त्यानंतर मी तो दोघांसमोर कधी काढला नाही.

पावसाळा संपता संपता त्याच्या माकडहाडापाशी लाल डाग दिसला. आठवड्यात कातडी गेली. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने आम्हाला दाखवलं, हाड आतून दाबतं आणि गादी बाहेरून. मधल्या मांसाला रक्त मिळत नाही, ते मरतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंगाखाली कपड्याची घडीसुद्धा राहू द्यायची नाही. आम्ही बदलत होतो. मावशी, मी, रात्रभर वहिनी. तरी जखम खोल होत गेली. तिचा वास उदबत्तीच्या वासाखालून यायचा.

मी वर्षानुवर्षं फळ्यावर वजन काढत आले होते. एक चौकोन आणि त्यातून खाली जाणारा बाण. तो बाण मांसात कसा रुततो ते मी तेव्हा पाहिलं. वेगळं काही घडत नव्हतं. माणूस गादीवर पडला होता, एवढंच.

एकदा कूस वळवताना तो म्हणाला, "पडताना काही दुखत नव्हतं बघ. अंग असं वाटलं की नाहीच आहे."

"वजन नसतंच तेव्हा," मी म्हणाले. "आपल्याला जे वजन जाणवतं ते जमीन वर ढकलते त्याचं. पडताना कोणी ढकलत नाही. आकाशात माणसं तरंगतात ना, तेही असंच. ती सारखी पडत असतात, फक्त जमीन लागत नाही."

त्याने ते नीट ऐकून घेतलं. "आणि मी काय, जमिनीला लागलो." मग थोड्या वेळाने, "शेवटचं बरं वाटलं होतं ते तेव्हाच म्हणायचं."

मी उशी ठीक करत राहिले.

तो सगळा काळ असा काळाकुट्ट नव्हता. एका दुपारी मी त्याला सांगितलं की वरच्या मजल्यावरचं घड्याळ खालच्यापेक्षा किंचित पुढे पळतं. जमिनीच्या जवळ काळ हळू जातो. फरक इतका बारीक की साध्या घड्याळात कधीच कळणार नाही, पण खास घड्याळांनी तो मोजलाय.

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला. "तळमजल्यावर टाइम स्लो जातो? त्याला मशीन कशाला लागतं यार, मला विचारायचं ना."

संध्याकाळी वहिनी आल्यावर त्याने तिलाही ते सांगितलं. "आपण टॉवरमध्ये घर घ्यायला पाहिजे होतं. वेळ पटकन गेला असता." ती हसली नाही. डबा धुवायला ठेवला आणि म्हणाली, "मला नको पटकन जायला."

थंडीत त्याला ताप भरला. जखमेतून विष रक्तात गेलं होतं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा त्याला मधूनमधून शुद्ध यायची. एकदा माझा हात धरून म्हणाला, "घट्ट धर, मी खाली चाललोय." मी धरला. पलंग जागेवर होता. हे त्याला सांगून उपयोग नव्हता, आणि ते खरं आहे असं मलाही त्या क्षणी वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. वहिनी कामावरून वाटेतच होती.

त्यानंतर कॉलेजात गुरुत्वाकर्षणाचा धडा आला. मी तो शिकवला. लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या माणसाचं वजन किती, हे नेहमीचं गणित असतं. उत्तर शून्य. पोरांनी लिहून घेतलं. मी फळा पुसला आणि पुढचं गणित घातलं. मला काही झालं नाही, आणि त्याचंच घरी गेल्यावर वाईट वाटलं.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनीने एका ट्रस्टची व्हीलचेअर परत करायचं काढलं. मोठ्या आशेने आणलेली, पण जखमेमुळे दादा तिच्यात एकदाही बसू शकला नव्हता. खुर्चीच्या हातांवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं. ट्रस्टचं ऑफिस नदीच्या बाजूला, जवळच. रिक्षात ती मावेना, म्हणून आम्ही चालत निघालो. रस्ता उताराचा होता आणि खुर्ची पुढे पुढे जायला बघत होती. वहिनी मागे रेलून तिला धरत होती. समोरचे लोक आधी खुर्चीकडे बघायचे, मग आमच्याकडे, आणि बाजूला व्हायचे.

"मी धरू का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "जड नाहीये."

ऑफिसातल्या माणसाने ब्रेक दाबून पाहिले, चाकं फिरवून पाहिली. "वापरली नाही वाटतं," तो म्हणाला. वहिनीने मान हलवली. बाकावर एक बाई आपल्या नवऱ्याला टेकवून बसली होती, त्याचे पाय भलतीकडे वळलेले. ऑफिसातल्या माणसाने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. वहिनी लगेच पुढे झाली, त्या नवऱ्याच्या काखेत हात घातले आणि त्या बाईला म्हणाली, "तुम्ही पाय धरा. एकदम नका उचलू, आधी वाकवा." मीही हात लावला आणि तिघींनी मिळून त्याला बसवलं. त्याच्या पाठीखालची शर्टाची घडी वहिनीने ओढून सपाट केली, दोनदा हात फिरवून खात्री केली, आणि मग आम्ही बाहेर पडलो.