अमझेऱ्याच्या मातीवर बागचं नाव

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशीही नाही — आणि आईला तर मी कॉलेजात कुठला पेपर न देता घरी आले तेसुद्धा ठाऊक आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघते.

आधी काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी शेतातल्या मातीत कार्बन किती आहे ते मोजते. पाचोळा, मुळं, शेण, जे जे मातीत कुजतं त्यातला थोडा कार्बन मातीतच राहतो. धसकटं जाळली नाहीत, शेणखत घातलं, की हळूहळू वाढतो. पण तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ठरवून दिलेल्या जागी उभं राहायचं, मोबाइलमध्ये जागेची नोंद करायची, फोटो काढायचा, लोखंडी गिरमीट तीस सेंटिमीटर आत पिळायचं, निघेल ती माती पिशवीत भरून वर चिठ्ठी लावायची. प्रयोगशाळा आकडा देते. तीन वर्षांनी पुन्हा त्याच जागी तेच. दोन आकड्यांत जो फरक पडेल ती त्या शेतकऱ्याची कमाई, त्याचे पैसे योजना त्याला देते. वाढलं तर नकाशात हिरवा रंग, घटलं तर लाल.

सोपं आहे ना? मलाही वाटलं होतं.

माझे बाबा खानदेशातून इकडे मध्य प्रदेशात, देवासला कारखान्यात फिटर म्हणून आले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शाळा हिंदीत, त्यामुळे मराठी लिहिताना अजून हात अडतो. पण बीएस्सी स्वतःच्या बळावर केलं आणि त्याचा मला गर्व आहे. होता, असं लिहायला हवं का? नाही — आहे. बाबा कॉलनीत सांगत फिरायचे, आमची मुलगी मातीची डॉक्टर आहे. मी त्यांना कधी अडवलं नाही.

नोकरी लागली तेव्हा टोळीत मी एकटीच बाई. आमच्या सुपरवायझरना सगळे भिया म्हणायचे, म्हणजे इकडचं भैया. पहिल्याच दिवशी भिया सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, ये गिरमीट है, पेन नहीं. घूमेगा नहीं तो बोल देना, शरम की बात नहीं." पोरं हसली. मीही हसले. आणि मनात ठरवून टाकलं, काही झालं तरी 'घूमा नहीं' हे माझ्या तोंडून निघणार नाही.

बघा, अजून मुद्द्यावर येत नाहीये मी. तुमच्याही लक्षात आलं असेल.

मे महिना होता. धार जिल्ह्यातल्या बाग गावाच्या पुढे डोंगरातला एक पाडा, अकरा शेतं, अकरा जागा, आणि माझ्याकडे एक दिवस. तिथली माती तांबूस, पातळ. वीतभर खाली मुरूम आणि दगड. गिरमीट वीतभर जायचं आणि अडायचं. मी सगळं अंग टाकून पिळलं. तळहाताला फोड आले, फुटले. नियम साफ होता — जात नसेल तर कुदळीने खड्डा खणा, तेही जमत नसेल तर फॉर्मवर 'नमुना मिळाला नाही' असं लिहा आणि पावसानंतर परत या. लाजायचं त्यात काहीच नव्हतं. भियाही तेच म्हणाले होते ना?

पहिलं शेत सुमलीबाईचं. माझ्या आईच्या वयाची, भिलाला आदिवासी बाई, नवरा नाही, सगळी शेती तिच्या अंगावर. मला पाणी आणून दिलं. मग गिरमिटाचा दुसरा दांडा धरून माझ्याबरोबर पिळायला लागली. गिरमिटाचं पातं दगडावर करकरलं तशी म्हणाली, "बेन, म्हारी माटी थारी जैसी जिद्दी है." आम्ही दोघी हसत खाली बसलो.

त्या दिवशी मी अकराही जागी गेले. नोंदी केल्या, फोटो काढले. पिशव्या रिकाम्या राहिल्या.

परत येताना अमझेऱ्याजवळ रस्त्यालगत नांगरून ठेवलेलं एक शेत दिसलं. काळीभोर, खोल, भुसभुशीत माती. ड्रायव्हरला म्हटलं, एक जागा राहिलीये, तुम्ही चहा घ्या. गिरमीट लोण्यात सुरी जावी तसं गेलं. अकरा पिशव्या भरायला अर्धा तास लागला नाही. ड्रायव्हर चहा पिऊन आला आणि म्हणाला, "क्या मॅडम, गमले लगाओगे?" हो, कुंड्यांसाठीच, असं मी म्हटलं. आणि जीप सुरू झाल्यावर मागच्या सीटवर बसून प्रत्येक पिशवीवर बागची चिठ्ठी लावली. पहिली सुमलीबाईची.

भिया खूष झाले. पोरांना म्हणाले, सीखो कुछ.

पावसानंतर जाऊन गुपचूप बदलेन, असं मी स्वतःला सांगत होते. नमुने आठवड्यात प्रयोगशाळेत गेले. तिथे माती वाळवतात, कुटतात, चाळतात — कुणाला काय कळणार होतं?

आता ते सांगते, जे लिहिण्यासाठी बसले होते.

तीन वर्षं सुमलीबाईने आम्ही सांगितलं तसंच केलं. पऱ्हाट्या पेटवल्या नाहीत, बारीक तोडून शेतातच कुजवल्या. मक्यात तूर लावली. शेण शेतात ओढलं. नुसतं स्वतः नाही, बाकीच्या दहा घरांच्या मागे लागून त्यांच्याकडूनही करवून घेतलं. तिचा दीर तिला टोचायचा, "कचरा पाळे है भाभी, बकरी पाळती तो दूध देती." ती म्हणायची, तीन साल रुक, माटी खुद बोलेगी.

तीन वर्षांनी दुसरी टोळी गेली. पाऊस नुकता संपला होता, जमीन ओली होती, पोरं तगडी होती. त्यांनी प्रामाणिकपणे, त्याच जागी, खरी डोंगराची माती काढली. नकाशा आला. पाडा लालभडक, अकराच्या अकरा शेतं. लालच येणार. आधीचा आकडा काळ्या खोल मातीचा, नंतरचा मुरमाचा. डोंगरातल्या मातीत या बायामाणसांनी काय वाढवलं होतं ते आता कुणालाच कधी कळणार नाही, कारण सुरुवात मी खाऊन टाकली होती.

भिया म्हणाले, इन लोगों ने जलाया होगा. आणि मला म्हणाले, त्यांची तुमच्याशी ओळख आहे, तुम्हीच जाऊन सांगा.

मी गेले. लिंबाखाली सगळे बसले होते. मी कागद वाचला. वाढ नाही, घट आहे, पाडा योजनेतून बाहेर. सुमलीबाई उभी राहिली. "बेन, म्हारी गलती कहां हुई, इतनो बता दे."

तेव्हा तरी? त्या क्षणी माझ्यासमोर ती होती, हातात कागद होता, तोंडात जीभ होती. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी काय म्हणाले असेन?

मी विचारलं, "आग तो नहीं लगाई थी कभी?"

सगळ्यांसमोर विचारलं. तिने कधीच लावली नव्हती, हे त्या पाड्यात तिच्याइतकंच मला माहीत होतं. दीर हसला. बाकीचे तिच्याकडे बघायला लागले — ज्यांना तिने तीन वर्षं ओढून नेलं होतं ते. ती खाली बसली.

पुढच्या हिवाळ्यात पाड्यातल्या दहा शेतांत पुन्हा पऱ्हाट्या पेटल्या. आता बैठकीला सुमलीबाईला कुणी बोलवत नाही. तो नकाशा अजून चालतो. डोंगरातल्या जमिनीत फार काही होत नाही, असं म्हणताना लोक त्यावर बोट ठेवतात. आणि मी? मी आता शिकवते. मागच्या महिन्यात पीपलरावां गावात नव्या मुलींना सांगितलं, तीस सेंटिमीटर झाल्याशिवाय पिशवीला हात लावायचा नाही. ऑफिसला पत्र तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. बाबांची कॉलनी, नवऱ्याचं तोंड, माझं नाव... कारण सांगत नाहीये. भीती कशी दिसते ते सांगतेय. ती दिवसा, गर्दीत, ताट वाढतानाही दिसते.

या वर्षी बागच्या हाटात सुमलीबाई भेटली. रागावली नव्हती. मला बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाली, शेताचा एक पट्टा तिने अजून तसाच ठेवलाय. पेटवत नाही, शेण घालते. दरवर्षी एकेक गोष्ट बदलून बघते, आपलं नेमकं कुठे चुकलं ते शोधतेय. कधीतरी सापडेल ना, बेन?

मी म्हटलं, हो, बघत राहा. आणि जीपमध्ये जाऊन बसले.