बुडाला कडी असलेली कळशी

भूपाल गेला तो रविवार होता. उजाडता उजाडता, स्वतःच्या विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेला असताना. घरात तेव्हा चौघं होती: पत्नी राजमतीवहिनी, मुलगा अजित, सून आणि आठ वर्षांची नात. विहिरीवर तो एकटाच होता. अजितचा फोन मला कराडजवळ मलकापुरात आला तेव्हा मी दूध तापवत होतो. "काका, आण्णा गेले," एवढंच तो म्हणाला. मी गॅस बंद केला आणि निघालो. कराडहून सांगली, आणि तिथून कृष्णेच्या कडेनं त्याचं गाव. पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते, हृदय बंद पडलं म्हणाले होते. वहिनी बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या, पण माझ्याकडं आल्या नाहीत. सरळ घरामागच्या परड्यात विहिरीकडं गेल्या. तिथं पाण्यानं भरलेली कळशी तशीच होती आणि तिच्या तोंडावर गाळायचं फडकं ओलं होतं. भूपालनं पाणी गाळलं होतं, पुढचं काम राहिलं होतं. वहिनींनी ते पुरं केलं आणि मग परत येऊन बसल्या. एक बाई पुटपुटली, "हिला आत्ता पाण्याचं सुचतंय व्हय?" मला त्यात नवल वाटलं नाही. त्या घरात पाणी गाळून सोडून देत नसत.

भूपालची माझी ओळख सांगलीच्या वसतिगृहातली. मी कराडकडचा, तो जैन शेतकऱ्याचा मुलगा. एका खोलीत तीन वर्षं काढली. पहिल्याच दिवशी त्यानं ट्रंकेतून पांढरं जाडसर फडकं काढलं, दुहेरी घडी घातली आणि नळाचं पाणी त्यातून गाळलं. पोरं त्याला पिडायची. "भूप्या, मासा गावला का रं?" तो शांतपणे म्हणायचा, "गावला आसता तरी तुला दिला नसता." मला मात्र त्यानं नीट सांगितलं. फडक्यावर जे अडकतं त्यात बारीक जीव असतात. त्याला जिवाणी म्हणतात. फडकं उलटं धरून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं आणि ती जिवाणी जिथलं पाणी त्याच जागी परत सोडायची. दुसऱ्या पाण्यात ते जीव जगत नाहीत, अशी त्यांची धारणा. वसतिगृहात त्याची अडचण होती. "नळाला परत कसं देणार?" तो खरोखर काळजीनं विचारायचा. पुढं मी पाटबंधारे खात्यात पाणी मोजायच्या कामाला लागलो, आणि तरीही त्याचं उत्तर मला कधी सापडलं नाही.

त्याच्या गावी ती अडचण नव्हती. परड्यात आजोबांनी पाडलेली विहीर होती आणि तिच्यासाठी एक तांब्याची कळशी. तिला वर दोर बांधायला जागा होतीच, पण बुडालाही एक कडी होती आणि कडीला दुसरा दोर. जिवाणी कळशीत घालून कळशी सोडायची, ती पाण्याला टेकली की खालचा दोर हलकेच ओढायचा, म्हणजे कळशी तिथल्या तिथं कलते आणि पाणी उंचावरून आपटत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो होतो. भूपाल म्हणाला, "हस की. तुला कुणी पंचवीस फुटांवनं टाकलं मजी कळंल."

एवढा जपणारा माणूस उसाला मात्र खत सैल हातानं टाकायचा. सगळेच टाकत होते, आजही टाकतात. एकरी टनेज हा आमच्या भागातला मान आहे. लग्नात, मयतीत, एसटीच्या थांब्यावर टनेज विचारलं जातं. युरियाचं पोतं फोडायचं, पाट सोडायचा, पाणी सरीच्या शेवटाला पोचेपर्यंत झोपायचं. पिकाला लागेल तेवढं पीक घेतं, उरलेलं पाण्याबरोबर खाली जातं. खाली म्हणजे कुठं, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. भूपालची विहीर उताराच्या पायथ्याला होती. वरच्या अंगाला चार जणांचा ऊस, मध्ये त्याचा स्वतःचा, शिवाय विहिरीपासून हाकेच्या अंतरावर शेणाचा उकिरडा आणि जुन्या संडासाचा खड्डा. पाणी मात्र काचेसारखं नितळ. चवीलाही गोड.

नात दोन महिन्यांची असताना मी त्यांच्याकडं मुक्कामाला होतो. सुनेला दूध कमी पडत होतं, म्हणून पोरीला वरचं पावडरचं दूध चालू केलं होतं. त्या आठवड्यात तिचे ओठ आणि नखं काळपट निळी दिसायला लागली. सांगलीत बालरोगतज्ज्ञांकडं नेलं, मीही बरोबर होतो. त्यांनी काढलेलं रक्त लाल नव्हतं, चॉकलेटसारखं तपकिरी होतं. हृदय तपासलं, छाती तपासली, आणि मग त्यांनी विचारलं, "दुधात पाणी कुठलं घालता?"

"आमच्या विहिरीचं," वहिनी म्हणाल्या. "नळाचं न्हाई. दोनदा गाळून घेते आन निम्मं हुईपातूर उकळते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "निम्मं?"

"व्हय. बाळाचं हाय म्हणून."

डॉक्टर चांगले होते, रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की उकळल्यानं जंतू मरतात, पण पाण्यात विरघळलेलं नायट्रेट वाफेबरोबर जात नाही. पाणी निम्मं झालं की ते दुप्पट दाट होतं. मोठ्या माणसाला एरवी कळतही नाही, तान्ह्या बाळाच्या रक्ताला मात्र प्राणवायू वाहून नेता येत नाही. ज्या घरात जीव मरू नये म्हणून पाणी गाळतात आणि बाळ आजारी पडू नये म्हणून निम्मं आटवतात, त्याच घरात ही चूक एवढ्या निष्ठेनं होऊ शकत होती. एखाद्या आळशी घरात पोरीला निदान निम्माच त्रास झाला असता.

औषधानं पोर बरी झाली. पाण्याची बाटली मी स्वतः प्रयोगशाळेत नेली. नायट्रेटची मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम असते. विहिरीचं पाणी त्याच्या दुपटीवर होतं, तेही न आटवता. मी कागद वाचून दाखवला. भूपालनं तो हातात घेऊन उजेडाकडं धरला. मग म्हणाला, "फडक्यात आडकत न्हाई त्ये…"

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात विहिरीचं पाणी बंद झालं. अजितनं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं आणि विहीर बुजवून तिथं गोठा वाढवू म्हणाला. भूपाल म्हणाला, "बुजवायची न्हाई. ही पोरगी ह्याच विहिरीचं पाणी पिईल. कवा, त्ये मला ठावं न्हाई." त्याला पुढच्या आयुष्यात एवढंच हवं होतं.

आधी त्यानं उकिरडा हलवला आणि त्याला फरशीचा तळ केला. संडासाचा खड्डा उपसून बुजवला, नवा उताराच्या खालच्या अंगाला घेतला. पाट मोडून ठिबक केलं. माती तपासून घेतली आणि खत हप्त्याहप्त्यानं, मोजून द्यायला लागला. फवारणीचे पंप विहिरीजवळच्या दगडावर धुतले जायचे, ते बंद केलं. पण एकट्याच्या रानानं भागणार नव्हतं. पाणी जमिनीखालून येताना बांध बघत नाही. वरच्या अंगाचे शिवाजीतात्या, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, भावकीत ज्यांचा शब्द चालतो असे. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "आवं आण्णा, पाणी तुमचं खराब, आन खत आमी कमी टाकायचं? ह्ये फौजेत सुदीक चालत न्हाई."

"एका एकरात करून बघा," भूपाल म्हणाला. "टनेज घटलं तर घट मी भरून देतो. माझा ऊस तुमच्या नावावर घालतो."

तात्या हसले. "लिहून देता?"

"तुमच्या बापानं माझ्या बापाकडनं कवा लिहून घेतलं हुतं?"

पहिल्या वर्षी टनेज खरंच घटलं. भूपालनं आपल्या उसाच्या दोन ट्रॉल्या तात्यांच्या नावावर कारखान्याला धाडल्या. गावानं त्याची थट्टा केली. दुसऱ्या वर्षी टनेज होतं तेवढं आलं, खत निम्म्याच्या आसपास लागलं, आणि तात्यांनी बाकीच्या तिघांना आपल्या पद्धतीनं, म्हणजे दरडावून, तयार केलं.

उन्हाळ्यात कधी कधी कृष्णेला काळं पाणी येतं, मासे तडफडून वर येतात आणि पेपरात फोटो छापून येतात. तेव्हा पारावर कारखान्यांच्या नावानं बोटं मोडली जातात. ते चूकही नाही. गावांचं सांडपाणीही नदीतच जातं. एकदा अशा बोलण्यात भूपाल म्हणाला, "काळं दिसतंय म्हणून बोंब तरी मारता येते. माझं पांढरं हाय गड्या. इरघळलं की दिसतच न्हाई."

वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, तो बाटली भरायचा आणि मी ती पोचवायचो. आकडा हळूहळू उतरत होता. एका ओल्या वर्षी मुरलेलं सगळं पुन्हा खाली धुऊन आलं आणि आकडा चढला. तेव्हा त्यानंच नियम ठरवला: लागोपाठ दोनदा मर्यादेत आलं तरच घरात घ्यायचं. आणि या सगळ्या वर्षांत रोज सकाळी तो विहिरीतून एक कळशी पाणी काढायचा, गाळायचा, जिवाणी परत सोडायचा. पाणी कुणी पीत नव्हतं, तरी. मी एकदा विचारलं, हे कशाला? म्हणाला, "आमी प्यायचं सोडलं, म्हणून त्येंनी ऱ्हायाचं सोडलं व्हय?"

शेवटची बाटली त्यानं मला जाण्याच्या आठवडाभर आधी दिली होती. निकाल तो गेल्यावर दोन आठवड्यांनी आला. एक्केचाळीस. पहिल्यांदाच मर्यादेच्या आत. मी कागद घेऊन गेलो. अजितनं तो दोनदा वाचला आणि स्वयंपाकघरातून पेला आणला. "आई, आज पिऊया. आण्णांच्या नावानं."

वहिनींनी पेला त्याच्या हातातून काढून घेतला. "दोनदा म्हणाले हुते. पावसाळ्यानंतरचं येऊ दे."

"एवढे दिवस थांबलोय…"

"मग अजून थोडं थांब."

तात्या अंगणात बसले होते. अजितनं त्यांच्याकडं बघितलं. तात्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हुकूम आण्णांचा हाय. मला मोडता यायचा न्हाई."

वहिनी परड्यात गेल्या. मी मागोमाग गेलो. त्यांनी एक कळशी काढली, दुहेरी फडक्यातून दुसरीत गाळली, फडकं उलटं धरून कडीच्या कळशीत धुतलं. तिचे दोन्ही दोर धरून ती खाली सोडली, पाण्याला टेकल्यावर खालचा दोर ओढला. वर काहीच आवाज आला नाही. मग मला विचारलं, "भावजी, दिवाळीला बाटली न्याल न्हवं?" मी हो म्हणालो. गाळलेलं पाणी त्यांनी पेरूच्या झाडाच्या बुडाला ओतलं. फडक्यावरचं विहिरीला पोचलं होतं.