सुबैतचं फोर-स्ट्रोकशी भांडण

आमच्या किनाऱ्यावर सकाळी नावा पाण्यात सोडायच्या आणि परत आल्या की वाळूवर ओढून घ्यायच्या, हे काम माझं. खरं तर माझ्या पिकअपचं; पण शिव्या मी घालतो, म्हणून काम माझं. नावेच्या नाकाला दोर, दोर पिकअपच्या आकड्याला, आणि पुढची लाट यायच्या आत नाव कोरड्यावर आली पाहिजे. तिथं कुणी रेंगाळला की माझं डोकं फिरतं. तीस वर्षं हेच चाललंय, आणि तीस वर्षं हे लोक रेंगाळतायत.

सुबैत बिन जुमआ त्यांतला पहिल्या नंबरचा रेंगाळणारा. वय बासष्ट, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि अंगावरच्या दिशदाशाला, त्या पायघोळ झग्याला, पेट्रोलचा असा वास की लग्नाच्या मांडवात लोक त्याच्यापासून उदबत्ती लांब ठेवत. कारण त्याचं ते जुनं टू-स्ट्रोक इंजिन. चाळीस घोड्यांचं, एकोणीस वर्षांचं. दोरी ओढून सुरू करायचं. सुबैत ती दोन्ही हातांनी ओढायचा, तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकायचं, चौथ्याला निळा धूर सोडून असं ओरडायचं की तंबूच्या दोरीवर वाळत घातलेले मुशी मासेसुद्धा हलायचे. त्याची बायको रय्या परतीच्या वाटेवरचा तो आवाज लांबून ऐकून भात चढवायची. नाव टेकाडाला वळसा घालून आली की भाताला उकळी. एकोणीस वर्षांत भात कधी करपला नाही, असं ती सांगते.

त्या इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावं लागतं. पन्नास भाग पेट्रोल, एक भाग तेल, असं डब्यावर छापलेलं असतं. सुबैतला छापील गोष्टींवर विश्वास नाही. तो तेल हातानं ओतायचा, वर मायेनं आणखी थोडं. मग प्लग काळा पडायचा. भर समुद्रात तो प्लग काढायचा, दिशदाशाच्या कडेला पुसायचा, परत बसवायचा, आणि इंजिन पुन्हा ओरडायला लागायचं. याला तो कारागिरी म्हणायचा.

मुलगा गाबिश सव्वीस वर्षांचा. शांत पोरगा, बापासारखा तोंडाळ नाही. तीन वर्षं बापाच्या मागे लागला होता की आता फोर-स्ट्रोक घेऊ. शेवटी न विचारता घेऊनच आला. तेवढ्याच ताकदीचं, पण तेल वेगळं, पेट्रोल वेगळं, मिसळायची भानगड नाही. धूर नाही. किल्ली फिरवायची की सुरू. हमूर खडकापर्यंत जाऊन यायला जुन्याला चाळीस लिटर लागायचं, याला बावीस. नवं इंजिन पहिले काही तास जपून चालवायचं असतं म्हणून दोन आठवडे गाबिश स्वतःच सुकाणूवर बसला. आणि सुबैत पुढे नावेच्या नाकावर, इंजिनाकडे पाठ करून, माहेराहून जबरदस्तीनं परत पाठवलेल्या सुनेसारखा.

किनाऱ्यावर झावळ्यांचं छप्पर आहे, तिथं म्हातारी मंडळी कॉफी पीत बसतात. तिथं सुबैतनं फोर-स्ट्रोकवर खटला भरला. जुनं इंजिन सत्तर किलोचं, दोघं जण सहज उचलायचो. हे शंभराला टेकलंय, चौघं लागतात आणि चौघांची कंबर जाते. जुन्याचं काही बिघडलं तर चमच्याच्या दांड्यानं दुरुस्त व्हायचं. हे बिघडलं तर सूर शहरात न्यावं लागतं, तिथं एक मुलगा त्याला वायर जोडून काचेकडे बघत बसतो. तेल वेगळं बदला, गाळणी वेगळी बदला. त्याचा जिवलग दोस्त दरवीश प्रत्येक मुद्द्याला मान हलवायचा. बाकीचे म्हातारेही. सगळ्यांचा एकच सूर, टू-स्ट्रोक ते टू-स्ट्रोक. आणि हे सगळं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसून, समोरच्या बेटावर ऐकू जाईल अशा आवाजात.

मध्ये एकदा इंजिन माझ्या पिकअपमध्ये घालून घरी न्यायचं होतं. गाबिशनं बजावलं होतं, हे इंजिन आडवं ठेवायचं तर एकाच कुशीवर, दुसऱ्या कुशीवर ठेवलं तर पोटातलं तेल नको तिथं शिरतं. सुबैत आणि दरवीशनं ते ठेवलं, अर्थातच, दुसऱ्या कुशीवर. चाळीस वर्षं इंजिनं आम्ही गोण्यांसारखी टाकत आलो, कुशी कोण बघतो? दुसऱ्या दिवशी खटपट करून सुरू केलं तेव्हा त्यानं एवढा पांढरा धूर ओकला की अख्खा किनारा दिसेनासा झाला. गाबिश डोक्याला हात लावून बसला. सुबैत धुरात उभा राहून खोकत म्हणाला, "आता कुठं इंजिन असल्यासारखं वाटतंय." मला हसू आवरेना.

पण खरं कारण मला त्याच आठवड्यात कळलं. मी पिकअप मागे घेत होतो, सुबैत मागच्या चाकाजवळ वाकून दोर सोडत होता. मी ओरडलो, बाजूला हो. हलला नाही. पुन्हा ओरडलो. हॉर्न दाबला. चाक त्याच्या टाचेपासून वीतभर राहिलं तेव्हा मी ब्रेक मारला आणि उतरून त्याला गदागदा हलवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग माझा दंड धरून तो म्हणाला की हम्मूद, कुणाला सांगू नकोस. दोन वर्षं झाली, डावा कान गेलाय, उजवा जायच्या वाटेवर आहे.

चाळीस वर्षं टू-स्ट्रोक इंजिनांच्या पुढे हातभर अंतरावर बसल्यावर दुसरं काय होणार? पण सांगायची चोरी. आमच्यातल्या सरूरचं पाहिलंच होतं. मुलांनी त्याला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरनं कान तपासले, आणि मुलांनी लाडानं, अगदी लाडानं, त्याला घरी बसवलं. आता सरूर पिशवी घेऊन कांदे आणायला जातो. चांगले कांदे आणतो, पण कांदेच आणतो. सुबैतला मरणाची भीती वाटत नव्हती, त्या पिशवीची वाटत होती. सुकाणू सुटलं की आपण संपलो, असं तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मीही शपथ घेतली. जुना मित्र, काय करणार.

गाबिशनं मग शेवटचा उपाय काढला. शुक्रवारच्या नमाजानंतर, सगळ्या गावासमोर, दोन नावा. दोन्हींत सारखंच बर्फ, पन्नास-पन्नास लिटर पेट्रोल. एकीवर जुनं, एकीवर नवं. हमूर खडकाला वळसा घालून यायचं आणि उरलेलं पेट्रोल मोजायचं. आणि कुणी लबाडी म्हणू नये म्हणून जुनं इंजिन गाबिश चालवणार, नवं स्वतः सुबैतनं चालवायचं. बाप कात्रीत सापडला. नाही म्हणावं तर हरला, हो म्हणावं तर ते मुकं इंजिन हातात. हो म्हणाला.

शुक्रवारी रय्यानं हलव्याचं मोठं ताट आणि कॉफी पाठवली. म्हातारे समुद्राकडे तोंड करून रांगेत बसले, सात जण. मी दोन्ही नावा पाण्यात सोडल्या, कमरेएवढ्या पाण्यात सुबैतच्या नावेचं नाक धरून उभा राहिलो. तिकडे गाबिशनं दोरी ओढली, जुनं इंजिन खोकलं, पण ऐटीत उशीर लावत होतं. इकडे सुबैतनं किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. मला पाण्यात धडधड जाणवत होती. मागून पाण्याची बारीक धारही पडायला लागली. सुबैतनं माझ्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, आणि पुन्हा किल्ली फिरवली.

चालू इंजिनाला किल्ली मारली की काय होतं ते ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत. लोखंडानं लोखंडाला खाल्ल्यासारखं खर्रर्र. किनाऱ्यावरची तरुण पोरं कळवळली. सुबैतनं कपाळाला आठ्या घातल्या आणि तिसऱ्यांदा मारली. खर्रर्र. मी डोळ्यांनी खुणावत होतो, भुवया उडवत होतो. त्याला वाटलं मी धीर देतोय. चौथ्यांदा मारली. मग उभा राहून सगळ्या गावाला ओरडून म्हणाला, "बघा! सुरूसुद्धा होत नाही हे!" ते त्याच्या पायाशी सुरूच होतं.

गाबिशनं दोरी सोडली. बापाकडे पाहिलं, इंजिनामागच्या धारेकडे पाहिलं. मग नाव तशीच टाकून पाण्यातून बाहेर आला, म्हाताऱ्यांच्या रांगेच्या मागे जाऊन उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हलवा संपत आलाय. कुणाला हवाय?"

सात म्हातारे. एकानंही मान वळवली नाही. हलव्यासाठीसुद्धा नाही. दरवीश, ज्यानं गेल्या ईदला दुसऱ्याच्या ताटातला हलवा खाल्ला होता, तो समुद्राकडे बघत दाढी खाजवत बसला. पोरं पोट धरून हसायला लागली. हे सगळं मला नंतर माझ्या बायकोनं, शम्सानं सांगितलं. मी तिथून वीस पावलांवर होतो आणि मला कुणी हलव्याचं विचारलेलं आठवत नाही. माझ्या कानांचं तिला सहा वर्षं माहीत आहे म्हणे. मी तिच्यावर चिडलो, अजून चिडलेला आहे.

गाबिश पुन्हा पाण्यात आला आणि बापासमोर, अगदी तोंडासमोर उभा राहिला. मी नावेला धरून होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"बाबा, इंजिन सुरू आहे."

सुबैतनं किल्लीवरचा हात काढला. मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "माहीत आहे."

"दोन आठवड्यांपूर्वी मी तुम्हाला एक विचारलं होतं. माझ्या आयुष्याचं होतं. तुम्ही म्हणालात, बर्फ पुरेल."

"मग पुरलं नाही का?"

गाबिशला हसू आलं आणि रडूही आलं, मी पाहिलं. सुबैतचा मात्र बांध फुटला. "त्या जुन्या इंजिनावर तुलाही ऐकू यायचं नाही आणि मलाही यायचं नाही. आपण दोघं सारखे होतो. तू हे मुकं आणलंस आणि मी एकटाच बहिरा झालो. कांदे आणायला लावणार असशील तर आत्ता सांग, लोकांदेखत सांग, मी उतरतो."

गाबिशनं त्या रांगेकडे हात केला. "बहिऱ्यांना घरी बसवायचं तर उद्या समुद्रावर जाणार कोण? तुम्ही कान देऊ नका. मागची पाण्याची धार बघा. धार पडतेय म्हणजे सुरू आहे. पुढचं बघायला मी आहेच."

आणि तो जुन्या इंजिनाच्या नावेकडे गेलाच नाही. बापाच्या नावेत चढला आणि समुद्राकडे पाठ करून, बापाकडे तोंड करून बसला. अशी कुणी आमच्याकडे नावेत बसत नाही. सुबैतनं मागे वळून धार पाहिली, आणि नाव निघाली. स्पर्धा गेली खड्ड्यात. मी भिजलो होतो, माझा दोर लाटेत गेला होता, आणि मला मुळीच राग आला नाही.

नाव हळूहळू, चोरपावलांनी चालली होती. गाबिश हातवारे करत बोलत होता, सुबैत त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवत होता. शंभर-दीडशे हात गेले असतील. एकदम सुबैत अर्धवट उठला.

"दरवीशची मुलगी? कुठली, मधली?"

जुनं इंजिन असतं तर त्यानं हे गिळून टाकलं असतं. आता अख्ख्या किनाऱ्यानं ऐकलं. गाबिश दोन्ही हातांनी बापाला खाली बसवत होता. तिकडून पुन्हा आलं, "अरे मग हो की! सोन्यासारखी पोर! तिच्या बापाला मी बघतो!"

किनाऱ्यावर बायका तोंडावर ओढणी घेऊन गदगदत होत्या. सगळ्यांचे डोळे दरवीशवर. दरवीश तेवढा ताटाला चिकटलेला शेवटचा हलवा बोटानं गोळा करत होता. त्यानं वर पाहिलं, सगळे आपल्याकडेच बघतायत म्हणून ओशाळला, आणि पाण्यातून नुकताच वर आलेल्या मला विचारलं, "काय झालं? काय म्हणतोय सुबैत?"

आता हे काम माझ्याकडे आलं. मी त्याच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि सगळं सांगितलं, मुलीचं नाव घेऊन, नीट, दोनदा. दरवीशचं बोट ताटात तसंच राहिलं. चेहरा हळूहळू उजळला, डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं दचकून इकडे तिकडे पाहिलं, माझा हात घट्ट दाबला, आणि पार मशिदीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाला, "हळू बोल, हम्मूद. लोक ऐकतील."