‘चालू’ या शब्दाचे तीन अर्थ

बुद्धभूषण ओव्हाळचा लिहिलेल्या शब्दावर फार विश्वास. दापोडीतल्या त्याच्या गल्लीत नळाच्या तक्रारीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत कुणाचाही अर्ज तोच लिहून देणार, आणि वेलांटी चुकली की कागद फाडून नवा घेणार. वडील एकाच कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे होते. त्याच्या वाट्याला मात्र सात-सात महिन्यांच्या टेम्पररी नोकऱ्या आल्या. दर ब्रेकनंतर नवं गेट, नवा बिल्ला आणि तेच पोहे. अशा अकरा कंपन्या झाल्यावर त्याने विजेवरचा छोटा टेम्पो घेतला आणि भोसरीच्या एका वर्कशॉपचे रबरी बुश चाकणच्या मोटार कंपनीत पोचवायचं काम धरलं.

रोजची एक फेरी, गेटवरची वेळ दुपारी अडीच. त्या महिन्यात उशिराचे दोन शेरे आधीच पडले होते. तिसरा पडला की फेरी दुसऱ्याला, असं करारात लिहिलं होतं. बुद्धभूषणने करार वाचला होता. वर्कशॉपच्या मालकाने वाचला नव्हता, म्हणून त्यालाही यानेच वाचून दाखवला होता.

त्या गुरुवारी भोसरीत दुरुस्तीसाठी वीज बंद होती. वर्कशॉपच्या ज्या प्लगवर टेम्पो रोज चार्ज व्हायचा तो मेलेला, आणि बॅटरीत चौदा टक्के. चौदा टक्क्यांत चाकण गाठायचं तर माल भोसरीतच ठेवून जावं लागलं असतं. त्याने चार्जर शोधायचं ॲप उघडलं. मोबाइलमध्ये अशी चार होती. हे मराठीत होतं, म्हणून लाडकं. मोशीजवळ एक खूण दिसली आणि शेजारी स्वच्छ शब्द: ‘चालू’.

एक वाजून दहा मिनिटांनी तो मोशीतल्या एका हॉटेलामागे पोचला. चार्जर एकच, त्याच्या केबलची गन एका पांढऱ्या मोटारीला लावलेली, आणि मोटारीत कुणी नाही. राखण करणारा खंडू तिथलाच जुना माणूस, खुर्चीत बसून तंबाखू मळत होता.

‘‘मामा, हे बंद आहे का चालू?’’

‘‘चालू हाय की. गाडी लागलीया, दिसंना व्हय?’’

‘‘मग ॲप मला चालू कशाला दाखवतंय?’’

‘‘चालू हाय म्हणून!’’

या युक्तिवादाला तोड नव्हती. बुद्धभूषणने ग्राहक सेवेला फोन लावला. नऊ मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

‘‘सर, स्टेटस चालू आहे ना? म्हणजे चार्जर वापरात आहे.’’

‘‘आणि मोकळा असला तर?’’

‘‘तरी चालू, सर. म्हणजे खराब नाहीये.’’

‘‘ताई, मग मी निघताना त्यातला कुठला समजायचा?’’

‘‘आपली तक्रार नोंदवली आहे, सर.’’

खंडू ऐकत होता. ‘‘तिसरा चालू म्या सांगतो,’’ तो म्हणाला. ‘‘ज्यानं हे बनवलं, त्यो.’’

पावणेदोनला पांढऱ्या मोटारीचे मालक बडीशेप चघळत आले आणि घाई नसल्यासारखे गेले. बुद्धभूषणने गन टेम्पोला लावली. ॲपने ओटीपी मागितला, मग आपण माणूस असल्याचं सिद्ध करायला सांगितलं. त्यासाठी नऊ चित्रांतल्या बस ओळखाव्या लागल्या. मग वीज सुरू झाली. एकवीस टक्क्यांवर पडद्यावर प्रश्न आला: ‘सत्र रद्द करायचे आहे?’ त्याखाली दोन बटणं. एकावर ‘रद्द’, दुसऱ्यावर ‘रद्द करा’.

दुसऱ्या कुणा ड्रायव्हरने डोळे मिटून एक दाबलं असतं. बुद्धभूषणने व्याकरण लावलं. ‘रद्द करा’ हा आज्ञार्थ, म्हणजे चार्जिंग थांबवा. नुसतं ‘रद्द’ म्हणजे हा प्रश्नच रद्द. अर्थ चोख होता. त्याने ‘रद्द’ दाबलं आणि चार्जर खट्ट करून थांबला. पुन्हा सुरू करायला गेला तर उत्तर आलं, ‘आपले मागील सत्र चालू आहे.’

‘‘बगा,’’ खंडू समाधानाने म्हणाला, ‘‘म्या म्हनलं न्हवतं?’’

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. बुद्धभूषणने गन जागेवर ठेवली, आपटली नाही, आणि एकवीस टक्क्यांवर निघाला. वीज पुरावी म्हणून वेग पस्तिसाच्या वर नेला नाही. पाण्याचे टँकर, पीएमपीच्या बसेस आणि एक वरातीची बग्गी वाहून नेणारा ट्रक त्याला मागे टाकून गेले. बग्गीवाल्याने वर हॉर्नही दिला. नेमका त्या दिवशी रस्ता मोकळा होता. तो मात्र सावकाश चालला होता. कंपनीच्या गेटवर घड्याळात दोन एकोणचाळीस आणि बॅटरीत चार टक्के.

माल घेणाऱ्या खिडकीत विजयश्री बसायची. तिने उशिराचा फॉर्म पुढे केला. ‘‘कारण लिहा, भूषणभाऊ.’’

‘‘ॲपमध्ये चूक आहे, मॅडम. चालू म्हणजे…’’

‘‘चार्जिंग? ते ड्रायव्हरच्या हलगर्जीत धरतात. तिसरा शेरा पडेल तुमचा. वाहतूक कोंडी लिहा, कोंडीला शेरा नाही.’’

‘‘पण आज रस्ता मोकळा होता.’’

‘‘रोज तुंबणारा तळेगाव चौक मोकळा होता असं मी वर कळवलं, तर आधी माझी चौकशी लागेल.’’

तो पेन धरून उभा राहिला. मागच्या दोन टेम्पोंनी हॉर्न सुरू केले. ‘‘काय राव, निबंध लिहिताय का?’’ एकाने विचारलं. खोटं लिहावं असा प्रसंग त्याच्यावर आजवर आला नव्हता, किंवा आला तेव्हा त्याने कागद परत केला होता. या वेळी परत करायचा म्हणजे फेरी परत करायची.

त्याने लिहिलं: ‘वाहतूक कोंडी.’ विजयश्रीने न वाचताच शिक्का मारला आणि टेम्पोचा मागचा फाळका उघडायला सांगितला. फेरी वाचली होती. अक्षर मात्र नेहमीसारखंच सुरेख आलं होतं, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.